हयात कलावंतांची मंगळवारची खातरजमा

आपल्याकडे कलावंताची कदर होत नाही असं जे म्हणतात, त्यांनी मेलेला कलावंत पाहिलेला नसतो.

हे वाक्य अनुष्काने पहिल्यांदा ऐकलं ते पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला, प्रल्हाद सरांच्या तोंडून. सरांनी स्वतः वीस वर्षं एका दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहिली होती आणि आता ते मुलांना जाहिरातीचा पेपर शिकवत. "हे बघ पोरी," ते म्हणाले होते, "कलेवर लिहायचंय तर खुशाल लिही. फक्त एक ध्यानात ठेव. या धंद्यात कलेकडे कमी आणि कलावंताच्या छातीकडे जास्त बघावं लागतं. वर-खाली होतेय की नाही ते." अनुष्काने ते रूपक समजून सोडून दिलं. त्या वर्षी तिला रूपकाच्या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क होते.

(ते रूपक नव्हतं.)

कलापत्रकारितेत करिअर करू इच्छिणाऱ्यांच्या माहितीसाठी त्याचे टप्पे इथे नमूद करणं उचित ठरेल. पहिल्या टप्प्यात उमेदवार मुंबईतल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या कलापुरवणीत नोकरी मागतो. दुसऱ्या टप्प्यात ती पुरवणी बंद होते. तिसऱ्या टप्प्यात उमेदवाराचं लग्न होतं, नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात वन बीएचके घेतला जातो, बाळ होतं. आणि "घरबसल्या करण्यासारखं काही असेल तर बघ ना" या सर्वपक्षीय सूचनेतून चौथा टप्पा उगवतो. अनुष्काचा चौथा टप्पा म्हणजे साप्ताहिक 'पश्चिम तरंग'.

'पश्चिम तरंग'चे संस्थापक, संपादक, प्रकाशक आणि छायाचित्रकार जितेशदादा. मूळ धंदा फ्लेक्सचा. वसई-विरारमध्ये कोणाचा वाढदिवस कधी, कोण कोणाचा 'आधारवड' आणि कोण कालपासून कोणाचा आधारवड राहिला नाही, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. साप्ताहिक त्यांनी काढलं ते समाजऋण फेडण्यासाठी. (मशीन बुधवारी रिकामं असतं.)

"ताई, आपल्या पेपरला कल्चर पायजे," पहिल्याच भेटीत ते म्हणाले. "कल्चर नसलं तर पेपर आणि टँकरच्या वेळापत्रकात फरक काय राहिला?"

अशा रीतीने सातव्या पानावर 'कलातरंग' हे सदर सुरू झालं आणि अनुष्का त्याची प्रमुख प्रतिनिधी झाली. दुय्यम प्रतिनिधी कोणी नव्हता, पण प्रमुख म्हटल्याने बाकीचे असल्यासारखे वाटतात.

पहिल्या महिन्यात तिने उत्साहाने परिसराची सांस्कृतिक पाहणी केली. निष्कर्ष असे, की वसई-विरार हद्दीत दर साडेतीन इमारतींमागे एक कराओके मंडळ आहे. मंडळांचे शेकडा नव्वद सभासद निवृत्त असून उरलेले दहा म्हणजे त्यांच्या बायका, ज्या ऐकायला येतात. नृत्याच्या क्लासांची संख्या दंतवैद्यांच्या खालोखाल आहे. चित्रकार एकूण किती, हे मात्र ठरवता आलं नाही; कारण विचारलेल्या प्रत्येकाने "सध्या इंटिरियरचं बघतो" असं सांगितलं.

दुसऱ्या महिन्यात तिने परीक्षण लिहिलं. एका कराओके संध्येतल्या ज्येष्ठ गायकांचा सूर दुसऱ्या कडव्यात सुटला आणि तो शेवटपर्यंत परत आला नाही, असं एक वाक्य त्यात होतं. सदर गायक अनुष्काच्याच सोसायटीचे सचिव निघाले. त्यानंतर तीन आठवडे बी विंगच्या पाचव्या मजल्यावर पाणी परत आलं नाही. "ताई, जिवंत माणसावर लिहायचं म्हणजे रिस्क," जितेशदादा सहानुभूतीने म्हणाले. मग ते विचारात पडले, आणि 'कलातरंग'चं धोरण ठरलं ते त्या विचारातून.

धोरण सरळ होतं. कलावंत हयात असेल तर त्याचं नाव 'इतर मान्यवर उपस्थित होते' या शब्दांत अंतर्भूत समजावं. पुरस्कार मिळाला तर दोन ओळी. आणि वारला तर अर्धं पान, फोटोसह, सभोवती शोकाकुलांच्या जाहिरातींच्या चौकटी. मेलेला कलावंत सूर सोडत नाही, पाणी तोडत नाही, आणि त्याच्याबद्दल वाईट वाटून घेण्यासाठी निवडणुकीला उभी राहू शकणारी सगळीच माणसं तयार असतात. कलेला इतका व्यापक लोकाश्रय दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळाल्याचं ऐकिवात नाही.

अडचण एकच होती. कलावंत वेळेवर मरत नाहीत. अर्नाळ्याचे एक भजनीबुवा बुधवारी पान मशीनवर चढल्यावर गेले, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या एका साप्ताहिकाने त्यांना पखवाजासकट छापलं. जितेशदादांच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, की सत्तरीच्या पुढच्या यच्चयावत कलावंतांच्या श्रद्धांजल्या लिहून तयार ठेवाव्यात, फक्त वार आणि वेळ घालायची बाकी असावी. अनुष्काने अडतीस श्रद्धांजल्या लिहिल्या. त्या ठेवल्या त्या फोल्डरला जितेशदादांनी स्वतःच्या हाताने नाव दिलं: 'आगामी कार्यक्रम'.

तयार माल शिळा होऊ नये म्हणून दर मंगळवारी सकाळी अडतीसही जणांना फोन करायचा. याला 'खातरजमा' म्हणत. फोनचेही संकेत होते. "कसे आहात?" असं थेट विचारायचं नाही, संशय येतो. "आवाज खोल गेलाय," हे तर मुळीच नाही. "तुमचा एखादा चांगला फोटो आहे का हो?" असं विचारायचं. माणूस "कशाला?" म्हणाला की हयात आहे, असं समजून पुढच्या नंबरकडे वळायचं.

या कामाला लागणारी पात्रता अनुष्काच्या अंगात आयतीच होती. आर्या झाल्यापासून, म्हणजे गेले दहा महिने, पोर झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघणं आणि श्वास लागला की स्वतःचा सोडणं, हा तिचा दिवसातून कैक वेळा करायचा उद्योग होता. अडतीस म्हातारी माणसं त्यात सहज मावली. हे तिने बायोडेटात लिहिलेलं नव्हतं. नोकरी मात्र त्याच्यावरच टिकली.

यादीत पहिलं नाव बेसिल तुस्कानो. वय ब्याऐंशी, निर्मळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आतल्या अंगाला वाडी. केळी, नारळ, थोडा मोगरा. चर्चच्या सणाला गावात जी नाटकं होत त्यांत चाळीस वर्षं हा गृहस्थ खलनायक होता, आणि इतका चोख, की बाजारात त्याच्याकडून केळी घेताना बाया अजून पोरांना पदराआड ओढत. बायको गेलेली, मुलगी जीना कॅनडात. घरात ते आणि एक कुत्रा.

बेसिलकाकांनी तिसऱ्याच मंगळवारी खातरजमेची खातरजमा केली.

"वाचून दाखव बाय."

"काय काका?"

"माझं लिवलेलं."

"अहो, असं काही नसतं."

"असतं. आमचा ॲल्रॉय गेला, दुसऱ्या दिवशी तुझ्या पेपरात एवढं मोठं आलं, त्याच्या आज्याच्या नावासकट. एका दिवसात? त्याच्या बायकोला त्याच्या आज्याचं नाव ठाऊक नव्हतं! वाच."

अनुष्काने वाचलं.

"'रंगभूमीची अपरिमित हानी.' कुठल्या रंगभूमीची?"

"म्हणजे... तुमच्या गावच्या."

"आमची रंगभूमी म्हणजे चर्चमागचं मैदान. तिथे आता गाड्या लावतात. पार्किंगची हानी लिव. फुडे?"

"'त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी...'"

"पोकळी नाय. जेन्सन करतो माझे रोल. वाईट करतो, पण करतो. फुडे?"

"'स्वभावाने अत्यंत प्रेमळ...'"

"ते काढ!" काका कडाडले. "चाळीस वर्षं व्हिलन केला, बाय. एका वाक्यात पाण्यात घालवू नको."

तेव्हापासून दर मंगळवारी मजकूर सुधारला जाऊ लागला आणि पावसाळा संपेस्तोवर त्याची अकरावी आवृत्ती सिद्ध झाली. हयात असताना स्वतःच्या श्रद्धांजलीचं मुद्रितशोधन करणारे ते तालुक्यातले पहिलेच कलावंत असावेत. (पुराव्याअभावी 'असावेत'.) फोन दुसऱ्या रिंगला उचलत. आर्या मागे दात येतात म्हणून रडत असली की म्हणत, "पोरीला फोन दे," आणि स्पीकरवरून असं काही खलनायकी हसत, की आर्या रडणं विसरून फोनकडे डोळे वटारून बघत राही. शेजारच्यांनी एकदा बेल वाजवून विचारलं होतं, घरात कोण आहे म्हणून.

"आठवड्यात मला दोन फोन येतात," ते एकदा म्हणाले. "रविवारी जीना विचारते जेवलास का. मंगळवारी तू विचारतेस मेलास का. दोघींचा हेतू चांगला."

आणि मग एका मंगळवारी फोन उचलला गेला नाही.

पहिल्यांदा पूर्ण वाजला. दुसऱ्यांदा पूर्ण वाजला. तिसऱ्यांदा बंद लागला. न्हाणीघराची पायरी उंच आहे, त्यावरून एकदा घसरलो होतो, हे काकांनीच हसत हसत सांगितलं होतं. पडले असतील. पडून राहिले असतील. वाडीत हाक ऐकायला कोण आहे?

ती स्वतः निघाली असती. पण आर्याला आदल्या दिवशी कांजिण्या निघाल्या होत्या. अंगभर फोड, ताप उतरत नव्हता, पोर कडेवरून खाली उतरत नव्हती. डॉक्टरांनी बाहेर काढू नका म्हणून बजावलं होतं. नवरा, सुमेध, ऑडिटसाठी नागपूरला. सासूबाई राजापूरला. शेजारणीला सातवा महिना, तिने दाराच्या फटीतून फक्त "काही लागलं तर सांगा हं" म्हटलं आणि फट बंद केली. तेव्हा अनुष्काने सुशिक्षित माणूस अशा वेळी जे करतो तेच केलं. ग्रूपवर टाकलं.

ग्रूपचं नाव 'कलासागर वसई-विरार', सभासद दोनशेवर. तिने लिहिलं: "नमस्कार. निर्मळचे ज्येष्ठ कलावंत श्री. बेसिल तुस्कानो यांच्याशी आज कोणाचं बोलणं झालं आहे का? कृपया कळवावे."

पहिलं उत्तर जेन्सनचं आलं: "काय झालं?" दुसरं एका कराओके मंडळाच्या अध्यक्षांचं, नुसते जोडलेले हात. तिसरं "अरे देवा." चौथं "भावपूर्ण श्रद्धांजली." आणि मग गाडी उताराला लागली. आरआयपी, आरआयपी, आदरांजली, विनम्र अभिवादन, रडणारे चेहरे, एका नृत्यक्लासचं (प्रवेश सुरू) शोकदर्शक पोस्टर.

अनुष्काने घाईघाईने खुलासा केला: "मी फक्त चौकशी केली आहे. ते गेल्याची बातमी नाही."

त्याखाली कोणीतरी लिहिलं: "खरंय. असे कलावंत कधी जात नसतात."

तिने आणखी स्पष्ट लिहिलं: "ते हयात असू शकतात!"

उत्तर आलं: "हो. आठवणींच्या रूपाने."

इथे शोकाच्या कार्यपद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पहिला माणूस शोक करतो तो गैरसमजाने. दुसरा करतो तो पहिल्यावर विश्वास ठेवून. तिसऱ्यापासून मात्र कोणाचाच नाइलाज असतो, कारण न करावा तर आपल्यालाच काही वाटत नाही असं दिसतं. दुपारपर्यंत एकशे चाळीस जणांनी बेसिलकाकांच्या निधनाला दुजोरा दिला होता. इतका दुजोरा त्यांच्या अभिनयाला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता.

एका सभासदांनी लिहिलं होतं, "कालच तर भेटले होते. विश्वास बसत नाही." अनुष्काने त्यांना आर्याला कडेवर घेऊनच फोन लावला.

"काल भेटलात ना तुम्ही? कसे होते? कुठे भेटले?"

"काल म्हणजे..." ते गृहस्थ चाचरले. "मागच्या नाताळात हो. काल असं लिहायची पद्धत आहे."

मग तिने जेन्सनला गाठलं. तो त्याच गावचा, मोटरसायकलवाला, दहा मिनिटांच्या अंतरावर.

"मॅडम, मी आत्ता हॉल बघायला आलोय," जेन्सन म्हणाला. "रविवारी शोकसभा. काकांचा एक प्रवेश मी करून दाखवणार. त्यांची इच्छा होती."

"जेन्सन, त्याआधी जरा त्यांच्या घरी डोकावता का? मला वाटतं ते पडलेत."

"घरी आता घरचे लोक असतील ना मॅडम. अशा वेळी आपण मध्ये जाणं बरं दिसत नाय."

"घरचे कोण? एकटे राहतात ते!"

"मग घराला कुलूप असेल," जेन्सन म्हणाला. आणि हॉलच्या माणसाला विचारू लागला की माइक कॉर्डलेस आहे का.

शेजारच्या वाडीतल्या फ्लॉसीआंटीचा नंबर तिच्याकडे होता, काकांनीच कधीतरी दिलेला. आंटी भाईंदरला मुलाकडे. "अगो, शनवारी मी निघाले तेव्हा पायरीवर बसून कळ्या निवडत होता. मला म्हणाला, फ्लॉसी, परत येशील तवा मी असेन-नसेन. पन ते तो मी मासळीला गेले तरी म्हनतो. म्हनून मी बोलले, गप रे." मग आंटी रडायलाच लागल्या. अनुष्काने परोपरीने सांगितलं, की अजून काही कळलेलं नाही. "हो गो," आंटी हुंदके देत म्हणाल्या, "जीना येईपर्यंत ठेवलं आसंल."

हा तर्क वाऱ्यासारखा पसरला, कारण त्याने सगळ्या शंका मिटत होत्या. चर्चची मयताची घंटा वाजली नाही, का? जीना यायचीय. चर्चमधल्या अंत्यविधीच्या मिस्साची वेळ कळली नाही, का? जीना यायचीय. घराकडे कोणीच का फिरकलं नाही? जीना आल्यावर जाऊ. एखाद्या मरणाला इतका नीटनेटका खुलासा मिळाला की ते घडलं होतं की नाही हा मुद्दा गौण ठरतो.

आंटींकडून नंबर घेऊन तिने जीनालाच फोन लावला. तिकडे विमानतळावरची गडबड ऐकू येत होती.

"रात्रभर फोन करतेय, बाबांचा बंद," जीना म्हणाली. तिचा आवाज रडून सपाट झाला होता. "साठ-सत्तर लोकांनी कळवलं. मी प्रत्येकाला विचारलं, बाबांजवळ कोण आहे? सगळे म्हणाले, आम्ही सगळे आहोत, तू काळजी करू नकोस."

"जीनाताई," अनुष्का म्हणाली, "मला वाटतं तिथे कोणीच नाहीये."

"म्हणजे?"

बोर्डिंगची घोषणा झाली, आवाज तुटला, आणि जीना वीस-बावीस तासांसाठी आकाशात गेली.

राहता राहिली पोलीस चौकी. अनुष्काने फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता माणूस दिसत नाही. मला तर खिडकीतून दिसतोय. समोरच्या नाक्यावर बोर्ड लागलाय, पंधरा बाय दहा. आता श्रद्धांजली वाहिलेल्या माणसाची चौकशी मी कुठल्या कलमाखाली लावू?"

बोर्ड अर्थातच जितेशदादांनी छापला होता. फोटो 'आगामी कार्यक्रम'मधून घेतला होता. काकांनी स्वतः पसंत केलेला, काळी टोपी आणि टोकदार मिशा लावलेला. खाली अकरा शोकाकुल, त्यांतल्या नऊ जणांना ते कोण हे ठाऊक नव्हतं; दोघांना वाटलं होतं, बँडवाले तुस्कानो.

शेवटी तिने कृष्णाला पाठवलं. कृष्णा तिच्या ओळखीचा रिक्षावाला. आर्याच्या लसींना तोच नेई. "वाट्टेल ते घे, पण पश्चिमेला निर्मळला जा, आत वाडीत जा, म्हातारबाबांना बघ, आणि मला फोन कर," असं तिने त्याला घोकवून घेतलं. कृष्णा भला माणूस. लगेच निघाला. दिवेलागणीला त्याचा फोन आला. अनुष्काने आर्याला एका हातावर तोलत तो उचलला.

"गेलो होतो ताई."

"मग? कसे आहेत?"

"वारले ओ. नाक्यावर मोठा बोर्डच लागलाय. फुडे जाऊन काय करणार, म्हणून तिथूनच फिरलो. वाईट झालं ताई. भाडं नको तुमचं. दुःखाच्या कामाचं मी घेत नाय."

बुधवारी सकाळी जितेशदादांचा फोन. "ताई, पान अडलंय. अकरावी आवृत्ती रेडी आहे ना? वार आणि वेळ टाका, पाठवा."

"दादा, ते गेलेत हे कोणी पाहिलेलं नाही."

"ताई, बोर्ड लागलाय."

"बोर्ड तुम्हीच छापलात!"

"ऑर्डर आली म्हणून छापला. ऑर्डर आली ग्रूपवरच्या मेसेजवरून. मेसेज आले तुमच्या मेसेजवरून. आता तुम्हीच म्हणता खात्री नाय. मग सोर्स कोण? तुम्हीच ना?" दादांचा स्वर समजुतीचा झाला. "आणि समजा, असले हयात. पुढच्या अंकात दिलगिरी छापू. फोटोसकट. कलेलाच दोनदा जागा मिळेल. तुम्हालाच तर पायजे होती."

अनुष्काने आर्याला मांडीवर घेतलं, तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं, आणि एका हाताने टाइप करायला बसली.

श्रद्धांजली कशी वाचली जाते याचीही तिने पूर्वी पाहणी केली होती. शेकडा नव्वद वाचक फोटो बघतात. सहा मथळा वाचतात. तीन जण शोकाकुलांत आपलं नाव आणि आपल्याहून वर कोणाचं आहे ते तपासतात. जितेशदादा या तिघांतले. शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोचणारा आजवर एकच माणूस तिला ठाऊक होता, आणि त्याचा फोन कालपासून बंद होता.

तेव्हा वरचे सगळे परिच्छेद तिने जसेच्या तसे ठेवले. पार्किंगची हानी ठेवली, जेन्सन ठेवला, प्रेमळ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. वार आणि वेळेची जागा मोकळी सोडली. आणि जिथे 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' असं यायचं, तिथे तिने हा शेवटचा परिच्छेद घातला:

"आपण इथवर वाचलंत, म्हणजे आपल्याला हळहळ वाटली आहे. ती जरा बाजूला ठेवा. निर्मळहून कळंबच्या रस्त्याला लागलात की बोर्ड दिसेल, तिथे थांबू नका. पुढे उजव्या हाताला बावखल लागेल, पाण्यात कमळं आहेत, त्याच्या काठाकाठाने पायवाट आत जाते. निळ्या दाराचं घर. दार नुसतं लोटलेलं असतं. कुत्रा भुंकतो, चावत नाही. हाक मोठ्याने मारा, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. ओ आली नाही तर आत जा, आणि न्हाणीघर आधी बघा. वाटेत तुमच्या मनात येईल, की एव्हाना कोणीतरी जाऊन आलं असेल. नाही आलेलं. मी एकेकाला विचारलंय. कृपा करून ग्रूपवर काही टाकू नका. उठा, आणि तुम्ही जा."